परसातील आंब्याला भिरूड लागल्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात घरामागच्या परसात हापूसचे, पायरीचे किंवा रायवळचे एखादे तरी झाड असतेच. तुडतुडे, मिजमाशी, फळमाशी या किडींनी एखाद्या वर्षीचे पीक जाते, पण झाड राहते. खोडकिड्याचे तसे नाही. कोकणात ज्याला भिरूड म्हणतात तो हा किडा उभे झाड वाळवतो, आणि घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा निम्मे नुकसान होऊन गेलेले असते. पुढील प्रश्नोत्तरे एक-दोन झाडे राखणाऱ्या घरमालकांसाठी आहेत. मोठ्या बागेचे व्यवस्थापन हा वेगळा विषय आहे.

भिरूड म्हणजे नेमका कोणता किडा?

भिरूड ही एका लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी होय. शास्त्रीय भाषेत या भुंगेऱ्याला बॅटोसेरा रूफोमॅक्युलाटा म्हणतात. पूर्ण वाढलेला भुंगेरा साधारण साडेतीन ते साडेपाच सेंटिमीटर लांब, राखाडी तपकिरी रंगाचा असतो. मानेच्या भागावर दोन केशरी तांबूस ठिपके असतात आणि मिशा शरीराहूनही लांब असतात. मादी खोडाच्या किंवा जाड फांदीच्या सालीला जबड्याने चीर पाडते आणि तिथे, किंवा सालीच्या मूळच्याच भेगेत, एकेक सुटे अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी सालीखाली शिरते, तेथील मऊ थर खात पुढे सरकते आणि मोठी होत जाते तशी लाकडात खोल बोगदा करते. पूर्ण वाढलेली अळी पिवळसर पांढरी, बिनपायाची, काळपट तपकिरी डोक्याची आणि हाताच्या करंगळीपेक्षाही जाड असते. तिची लांबी आठ सेंटिमीटरच्या पुढेही जाते. तिची वाढ कित्येक महिने चालते, कोषही खोडातच होतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला नवे भुंगेरे बाहेर पडू लागतात. साधारणपणे वर्षाला एक पिढी होते.

एवढी माहिती देण्याचे कारण असे की, जवळजवळ सगळे आयुष्य लाकडाच्या आत काढणाऱ्या किडीवर पानांवरची फवारणी चालत नाही. पंप भरून झाड धुऊन काढले म्हणजे काम झाले, ही समजूत प्रथम सोडावी लागते.

आमच्या झाडाला भिरूडच लागला आहे, हे कसे ओळखावे?

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे भुसा. खोडाच्या बुंध्याशी, फांद्यांच्या बेचक्यांत किंवा सालीच्या भेगांत लाकडाचा ओलसर, तंतुमय भुसा आणि अळीची विष्ठा साचलेली दिसते. छिद्राजवळून तांबूस किंवा काळपट रस ओघळलेला असतो, आणि त्या भागावर बोटाने टकटक केल्यास साल पोकळ वाजते. रात्री सामसूम झाल्यावर खोडाला कान लावला, तर मोठी अळी लाकूड कुरतडत असल्याचा आवाजही कित्येकदा स्पष्ट ऐकू येतो. सुतारपक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा चोच मारताना दिसला तर ती जागा अवश्य तपासावी.

भिरुडाशी गल्लत होणाऱ्या काही गोष्टी आहेत. सालीवरून मातीच्या नळ्या वर चढत असतील तर ती वाळवी आहे. रेशमी धाग्यांत गुंफलेल्या भुशाचे लांबट पट्टे सालीवर दिसत असतील आणि फांदीच्या बेचक्यात उथळ भोक असेल, तर ती साल खाणारी अळी आहे. तीही त्रासदायक असली तरी तिच्यावर इलाज करणे पुष्कळच सोपे आहे. टाचणीच्या डोक्याएवढी पुष्कळ भोके आणि त्यांतून पिठासारखी भुकटी दिसत असेल तर ते बारीक भुंगेरे आहेत, आणि ते बहुधा आधीच खचलेल्या झाडावर येतात. पाने काळी पडून चिकट झाली असतील तर तो तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढलेल्या काजळी बुरशीचा प्रकार आहे, त्याचा खोडाशी संबंध नाही.

झाड वरून हिरवेगार होते. मग ते एकाएकी कसे वाळले?

ते एकाएकी वाळत नाही. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते आणि मुळांनी घेतलेले पाणी लाकडाच्या बाहेरच्या थरातून वर चढते. अळीचा बोगदा नेमका या दोन थरांत असतो. खोडाच्या घेराचा काही भाग शाबूत आहे तोवर उरलेल्या वाटेने ये-जा चालू राहते आणि झाड महिनोन्महिने हिरवे दिसते. मात्र मार्च ते मे या काळात किंवा पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात पानांची पाण्याची गरज वाढली की, अपुऱ्या वाटेने तेवढे पाणी वर पोहोचत नाही. मग आधी एखाद्या फांदीची पाने पिवळी पडतात, नंतर ती फांदी पानांसकट वाळते, आणि दोन-तीन अळ्यांचे बोगदे मिळून खोडाला पूर्ण वेढा पडला असेल तर सगळे झाड जाते.

झाड वाचेल की नाही, याचा अंदाज कसा करावा?

खोडाभोवती फिरत दर वीतभर अंतरावर नखाने किंवा चाकूच्या टोकाने सालीचा अगदी पातळ पापुद्रा काढून पाहावा. आत हिरवट, ओलसर थर दिसला तर तो भाग जिवंत आहे. तपकिरी, कोरडा किंवा कुजका असेल तर तो मेलेला आहे. घेराचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत असेल तर झाड वाचवण्याचा प्रयत्न नेटाने करावा, असे माझे मत आहे. एक तृतीयांशच उरला असेल तरी प्रयत्नास हरकत नाही, मात्र त्या वर्षीच्या आणि कदाचित पुढच्याही वर्षीच्या फळांवर पाणी सोडण्याची तयारी हवी. एकच फांदी वाळलेली असेल आणि खोड शाबूत असेल तर काळजीचे कारण कमी, पण तेव्हाच हात चालवावा.

अळी बाहेर कशी काढावी?

हे या सगळ्या प्रकरणातले मुख्य काम आहे. त्यासाठी धारदार चाकू किंवा कोयती, सुताराची लहान पटाशी, हातोडी आणि टोकाला बारीक आकडा केलेली लवचीक तार एवढे साहित्य पुरते. सायकलच्या ब्रेकची तार या कामाला उत्तम. ती बोगद्याच्या वळणाबरोबर वळते. सायकलचा स्पोक सरळ बोगद्यात चालतो, पण वाकड्या वाटेत अडकतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी खोडावरचा आणि बुंध्याजवळचा सगळा भुसा झाडून टाकावा आणि छिद्रांवरचा चिकटलेला थर ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. सकाळी ज्या छिद्राबाहेर ताजा, फिकट रंगाचा भुसा आलेला दिसेल तिथे अळी जिवंत आहे. बाकीची छिद्रे जुनी, सोडून दिलेली असण्याचा संभव अधिक. ही एक रात्र थांबल्यामुळे खोडावरचे कित्येक अनावश्यक घाव टळतात.

नंतर त्या छिद्राभोवतीची पोकळ, मेलेली साल चाकूने सोलून काढावी. साल काढताना घाव खोडाच्या उभ्या दिशेने, वर आणि खाली निमुळता होत जाईल असा करावा. आडवा घाव करू नये, कारण भिरुडाने अर्धवट केलेला वेढा आपल्याच हाताने पूर्ण होण्याचा धोका असतो. जिवंत साल लागली की थांबावे. आतला भुसा तारेने उकरून काढत बोगद्याचे तोंड मोकळे करावे. गरज असेल तेथेच पटाशीने ते थोडे रुंद करावे.

आता तार हळूहळू आत सारावी. लाकडाला लागल्यावर हाताला टणक ठोका जाणवतो आणि अळीला लागल्यावर काहीतरी मऊ, लवचीक दाबले गेल्यासारखे वाटते. तिथे तार फिरवून आकडा अडकवावा आणि सावकाश ओढावी. अळी अखंड बाहेर आली तर उत्तमच, न आल्यास तारेच्या टोकाला पांढरट चिकट द्रव लागून येतो, म्हणजे अळी चिरडली गेली आहे. टोक कोरडे येत असेल तर काम झालेले नाही. बोगदे पुष्कळदा वरच्या दिशेने जातात, म्हणून तार आधी वर आणि मग खाली घालून पाहावी. एका झाडात एकाहून अधिक अळ्या असणे नेहमीचेच आहे, तेव्हा पहिली सापडल्याच्या आनंदात हत्यारे धुऊन ठेवू नयेत.

मग औषधाची गरजच नाही का?

बोगदा खोल किंवा वाकडा असेल आणि तार अळीपर्यंत पोहोचत नसेल तर औषध लागते. भुसा काढून मोकळ्या केलेल्या बोगद्यात कीटकनाशकाचे द्रावण पिचकारीने सोडायचे किंवा त्यात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारायचा आणि तोंड ओल्या चिकणमातीने घट्ट लिंपायचे, अशी ही पद्धत आहे. भुसा न काढता औषध ओतले तर ते भुशातच जिरते. निष्फळ ठरलेल्या बहुतेक उपचारांचे कारण हेच असते.

औषध कोणते आणि किती, हे मात्र दुकानदाराच्या किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. शिफारशी बदलतात आणि औषधांवर बंदीही येते. पूर्वी भिरुडासाठी सर्रास सांगितले जाणारे डायक्लोरव्हॉस हे त्याचेच उदाहरण. केंद्र सरकारच्या 2018 च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून देशात त्यावर बंदी आहे, तरीही जुन्या पुस्तिकांतून आणि आठवणींतून ते नाव निघतेच. गावचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ किंवा वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र यांच्याकडून त्या वेळची शिफारस विचारून घ्यावी. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने खोडकिड्यासाठी छिद्रे बंद करणारा आणि जखम भरून येण्यास मदत करणारा लेप विकसित केला आहे. तो जवळपास मिळतो का, हेही त्याच वेळी विचारावे.

परसात झाडाजवळ विहीर असते, कोंबड्या आणि मुले फिरत असतात. द्रावण विहिरीपासून दूर बनवावे, हातमोजे घालावेत, पिचकारी खोडाच्या बाजूने धरून डोळे बाजूला ठेवावेत आणि उरलेले द्रावण गटारात ओतू नये.

पेट्रोल, रॉकेल, हिंग, सेल्फॉसच्या गोळ्या यांपैकी काय चालते?

पेट्रोलचा बोळा घालून छिद्र मातीने बंद करण्याची पद्धत जुनी आहे आणि बंद बोगद्यात त्याच्या वाफेने अळी मरते. मात्र अगदी लहान बोळा वापरावा, जवळ विडी, चूल किंवा दिवा नसावा, आणि पेट्रोल सालीवर सांडू देऊ नये. रॉकेल बुंध्यात किंवा मुळाशी ओतणे हा शुद्ध अडाणीपणा आहे; त्याने अळी सुखरूप राहते आणि मुळे मरतात. हिंगाने अळी मरते असे मानण्यास आधार नाही. खोडात खिळे ठोकल्याने झाडाला आणखी जखमा होतात, बाकी काही साधत नाही.

सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड. त्याचा वायू माणसासाठी प्राणघातक आहे, त्यावर उतारा नाही, आणि त्याचा वापर कायद्याने सरकारी यंत्रणा व परवानाधारक व्यावसायिकांपुरता मर्यादित केलेला आहे. कोणी चार गोळ्या आणून देतो म्हणाला, तरी घराच्या आवारात त्या येऊ देऊ नयेत.

कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली तर?

बोगद्यातल्या अळीपर्यंत ती पोहोचत नाही. खोडावर तेलाचा लेप दिल्यास मादीला अंडी घालण्यास थोडा अटकाव होऊ शकेल, पण पावसाच्या पहिल्या झोडीत तो धुऊन जातो.

बोर्डो पेस्ट घरी कशी करावी आणि तिचा नक्की उपयोग काय?

एका झाडाच्या खोडाला साधारण एक लिटर पेस्ट पुरते. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम चांगला कळीचा चुना वेगळ्या अर्धा लिटर पाण्यात, अशी दोन द्रावणे प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत करावीत. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे वापरू नये. चुना विरून थंड झाल्यावर दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतत काठीने ढवळावीत. त्यात स्वच्छ लोखंडी चाकू किंवा खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो थोडा थोडा वाढवावा. पेस्ट त्याच दिवशी वापरावी. तिच्यात कीटकनाशक मिसळण्याचा मोह टाळावा, कारण चुन्यामुळे अनेक कीटकनाशकांचे गुण नाहीसे होतात.

बोर्डो पेस्ट हे बुरशीनाशक आहे, ते भिरूड मारत नाही. अळी काढताना झालेल्या जखमेतून बुरशी शिरून कूज लागू नये, हा तिचा मुख्य उपयोग. सालीच्या भेगा बुजून खोडावर थर बसल्याने अंडी घालण्यासही काहीशी अडचण होते, तो वरचा लाभ. अळी आत असताना वरून निळी पेस्ट फासणे ही वरवरची मलमपट्टी ठरते. खोड देखणे दिसते आणि अळी निवांत आत खात राहते. ज्यांच्या परसात भिरूड एकदा येऊन गेला आहे त्यांनी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, जमिनीपासून निदान तीन फुटांपर्यंत, असे वर्षातून दोनदा ती लावावी.

मोठी पोकळी सिमेंटने बुजवावी का?

नाही. खोड वाऱ्याने हलते, सिमेंट हलत नाही. दोहोंच्या मधल्या फटीत पाणी साचून कूज वाढते. पोकळी खरवडून कोरडी करावी, पेस्ट लावावी आणि पाणी निथळून जाईल अशी उघडी ठेवावी.

झाडावर फळे आहेत. आता काय करावे?

तारेने अळी काढण्यास कोणताही ऋतू वर्ज्य नाही. फळे असताना तेवढेच करावे, छिद्र मातीने लिंपावे आणि रासायनिक औषध फळे उतरवल्यावर वापरावे. झाड खरोखर हातचे जात असेल आणि औषधावाचून इलाज नसेल, तर त्या झाडाची फळे त्या वर्षी खाऊ नयेत. कच्च्या कैऱ्या काढून टाकल्यास झाडावरचा भारही हलका होतो.

आम्ही मुंबईला असतो, गावी शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला जातो. झाडाकडे कसे लक्ष द्यावे?

भुंगेऱ्याचे वर्ष आणि चाकरमान्याचे वर्ष बऱ्यापैकी जुळते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे. मे महिन्यात भुंगेरे बाहेर पडण्याआधी सुकलेल्या फांद्या तोडून नष्ट कराव्यात आणि खोडाला पेस्ट लावावी. गणपतीला गेल्यावर सालीवर नव्या चिरा, ओघळ किंवा बारीक भुसा दिसतो का हे पाहावे; या वेळी अळी लहान आणि सालीच्या अगदी खाली असते, चाकूच्या टोकानेही निघते. सर्वांत स्वस्तात काम होते ते याच दिवसांत, आणि नेमके आरती-पाहुण्यांच्या धांदलीत परसाकडे फिरकायला कोणाला सवड नसते. शिमग्याला सापडलेली अळी मोठी आणि खोल गेलेली असते. मधल्या काळासाठी शेजारच्यांना झाडाखालचा भुसा ओळखायला शिकवून ठेवावे आणि फोनवर फोटो मागवावा. ताजा भुसा फोटोतही कळतो.

तोडलेल्या वाळक्या फांद्या सरपणाला ठेवल्या तर चालेल का?

लगेच जाळणार असाल तर चालेल. आत पूर्ण वाढलेली अळी किंवा कोष असेल तर तोडलेल्या लाकडातूनही भुंगेरा बाहेर येऊ शकतो, आणि पडवीत पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली लाकडे त्याला आयती सोय होतात. जाड ओंडके फोडून पाहावेत आणि पावसाआधी संपवावेत. फांदी तोडताना जिवंत लाकडापर्यंत तोडावी, कापाच्या तोंडाशी भोक दिसले तर आणखी खाली जावे आणि कापावर पेस्ट लावावी.

पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री अंगणातल्या दिव्याकडे मोठा, लांब मिशांचा भुंगेरा आला तर त्याला सोडू नये. हातात धरल्यावर तो कर्र कर्र आवाज करतो, पण विषारी नाही. चावा मात्र घेऊ शकतो.

परसातल्या इतर झाडांना तो लागेल का?

फणस, अंजीर, सावर, शेवगा, रबर यांवर हाच भुंगेरा आढळतो, त्यामुळे त्यांचीही खोडे पाहावीत. काजूला लागणारा रोठा हा वेगळा किडा आहे, जरी त्याचे काम असेच असले तरी. माडावरचा गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांचाही आंब्याच्या भिरुडाशी संबंध नाही आणि त्यांचे उपायही निराळे आहेत.

अळी काढल्यानंतर झाडाची काळजी कशी घ्यावी?

पहिला महिना दर आठवड्याला भुसा पाहावा. मातीने लिंपलेले तोंड आतून फोडून पुन्हा भुसा बाहेर आला, तर अळी जिवंत आहे आणि तीच कृती पुन्हा करावी लागते. भुसा थांबला आणि जखमेच्या कडेने नव्या सालीची जाडसर वळी येऊ लागली की झाड सावरत आहे, असे समजावे. उन्हाळ्यात बुंध्याला चिकटून न देता फांद्यांच्या टोकांखालच्या घेरात बेताचे पाणी द्यावे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, मात्र आच्छादन खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर बुंध्याशी काय चालले आहे हे दिसणारच नाही. शेणखत पावसाच्या सुरुवातीला त्याच घेरात चर काढून द्यावे. पुढच्या मोसमात मोहोर कमी आला म्हणून मोहोर आणणारी संजीवके वापरू नयेत. खचलेल्या झाडाकडून जबरदस्तीने फळे घेण्याची ती वेळ नव्हे.

खोडाला पूर्ण वेढा पडला आहे. काहीच करता येणार नाही का?

झाड तरुण आणि खोड बारीक असेल तर एक वाट उरते. बुंध्याजवळ रायवळची दोन-तीन जोमदार रोपे लावून त्यांचे शेंडे वेढ्याच्या वरच्या जिवंत भागाला भेटकलमाने जोडता येतात, म्हणजे झाडाला नवी मुळे मिळतात. हे काम कलमे बांधणाऱ्या सरावाच्या माणसाचेच आहे, आणि वरचा भाग अजून हिरवा असेल तरच त्यात अर्थ आहे. वरचा भाग पूर्ण वाळला असेल आणि बुंध्यातून धुमारे फुटले असतील, तर आधी ते कुठून फुटले ते पाहावे. कलमाच्या सांध्याखालून आलेला धुमारा हापूसचा नसून खुंटाच्या, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्या रायवळचा असतो. त्यातला एक सशक्त धुमारा ठेवून त्यावर पाचर कलम (हापूसची काडी पाचरीसारखी तासून धुमाऱ्याच्या फटीत बसवणे) करता येते, आणि जुन्या मुळांच्या बळावर ते नव्या रोपापेक्षा जोरात वाढते.

झाड काढूनच टाकायचे ठरले तर बुंधा जमिनीत तसाच ठेवू नये, तो खणून फोडावा आणि आतल्या अळ्या नष्ट कराव्यात. त्याच परसात नवे कलम लावायला हरकत नाही, कारण भिरूड मातीत राहत नाही. खड्डा मात्र जुन्या बुंध्यापासून थोडा बाजूला घ्यावा, म्हणजे कुजत्या मुळांवर येणारी वाळवी नव्या कलमाला त्रास देणार नाही.